पाणी फुटता कामा नये

जरीमरीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
मी नळांना चकाकी दिली.
हॉटेलांचे नळ, कपाटांच्या मुठी, स्कूटरचे आरसे,
एकदा तर ग्रँट रोडच्या एका पारशी बाईंचे
अडुसष्ट काटेचमचे.
आम्लाची वाफ आधी डोळ्यांत जाते,
मग छातीत बसते,
मग दात खाते. शब्दशः.
पुढचे खडूसारखे झिजले.
खालच्या दोन दाढा, एक डावी एक उजवी,
आपापल्या कारणांनी गेल्या.

डेंटल कॉलेजात डॉक्टर नाझनीन परकार म्हणाली,
काका, दोन्ही फुकट बसवू,
पण एका बाजूचा स्क्रू साधा असेल
आणि दुसऱ्यावर लेप.
कुठला कुठे, ते तुम्हाला सांगणार नाही,
मोजणाऱ्यालाही नाही.
चिठ्ठी पाकिटात.

लेप कसला?
हाडाचाच म्हणे. हाडात असतं तेच मीठ,
ज्वाळेत वितळवून टायटॅनियमवर फवारलेलं,
केसाच्या जाडीचं.
हाडाला वाटतं, आपल्यातलंच कुणी आलंय.
ती हसली.
मी बापाचा विचार करत होतो.
तो तांबाकाट्याला कल्हई करायचा.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि कथील असं पळायचं भांड्याच्या अंगावरून!
आमच्यात लेप म्हणजे दोघांना लांब ठेवणं.
आंबट आमटी आणि तांबं
भेटता कामा नयेत.
भेटवण्यासाठी लेप
मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग धंद्याचं विचारलं.
आधी वाळू मारता? मारतो.
आम्लात बुडवता? बुडवतो.
आणि निकलसारखा पापुद्रा सुटला तर?
तिनं पेन खाली ठेवलं.
सुटतो कधी कधी, जाड असला तर.
म्हणून तर मोजायचंय.

तेव्हा तिला पाण्याची परीक्षा सांगितली.
माल धुवायचा, वर काढायचा, आणि थांबायचं.
पाण्याचे थेंब झाले, पडदा फुटला,
तर तेल आहे अजून. परत टाक.
पाणी अखंड उभं राहिलं
की समज, आता हा घेईल.
आमच्यातही तेच, ती म्हणाली,
फक्त रक्ताचं.
पहिलं रक्त स्क्रूवर कसं पसरतं
त्यावर पुढचं सगळं.

खुर्चीत मी डोळे मिटले नाहीत.
दिव्याच्या वाटीत माझाच जबडा दिसत होता,
एक स्क्रू राखाडी,
एक जरा पांढुरका.
पांढुरका कुठे गेला?
आरशात डावं उजवं होतं,
पण वाटीत परत उलटतं का?
आरसे चढवण्यात जन्म गेला
आणि हे लावता येईना.

तीन महिने मऊ भात.
रात्री विमानं पत्र्याला घासून उतरायची
आणि मी जिभेनं दोन्हीकडे चाचपायचो.
एकीकडे हाड घरच्यासारखं आत शिरत असेल,
दुसरीकडे परक्याच्या दारात
चपला काढू की नको करत.
सहाव्या आठवड्याला यंत्रानं आकडे दिले.
एक बाजू बरीच पुढे होती.
नाझनीननं कागद उलटा ठेवला.

तिसऱ्या महिन्यात तिनं दांडीनं ठोकून पाहिलं.
टण्. टण्.
बाप भांडं असंच वाजवायचा, गिऱ्हाइकासमोर.
दोन्ही आवाज सारखे.
मला तरी सारखे वाटले.
मागे राहिलेली बाजू
कधी येऊन पोचली, कळलंच नाही.

पाकीट?
अजून एकवीस पेशंट राहिलेत, काका.

सोमवारी शेडमध्ये नव्या पोरानं,
सद्दामनं, टाकीतून नळ वर काढला.
पाणी फुटलं नव्हतं.
तो पुढच्या टाकीकडे वळला,
बरोबरच होतं त्याचं.
तरी मी म्हटलं, थांब,
बघू दे जरा.